रिकामा रस्ता हवा होता

पिपलानीत आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर शूटिंग होतं. दिग्दर्शक खुर्चीत टेकेचना. चपला काढायचा, घालायचा, आमच्याच फाटकाची कडी वाजवायचा. आधीचे दोन सिनेमे पडलेले, निर्मात्याने इथे आजचाच दिवस दिलेला. त्याला हवी होती रिकाम्या रस्त्यावर एकटी नायिका.

"साब, अब फॅक्टरी छूटेगी," मी मिशीतल्या मिशीत हसत सांगितलं.

"दस मिनट रुकवा दो ना, भाईसाब!"

भोंगा झाला. स्कूटरींचा लोंढा नायिकेच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला. "कट" म्हणणाऱ्या सहायकाचं तोंड दिग्दर्शकाने हातानेच दाबलं. "चलने दे! अब लग रही है अकेली!"

लोंढा ओसरताच तो माझ्याकडे धावला. "बस, एक बार और! ये लोग फिर कब निकलेंगे?"

"कल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भोंगा मीच वाजवला होता.