तळहातावरचं अत्तर

आमच्या घरी हिवाळ्यात हिन्याचं अत्तर असे आणि उन्हाळ्यात वाळ्याचं. हुबळीला दाजीबानपेठेत कोणी कापड घ्यायला गेलं की येताना एक कुपी आणायची, असं ठरलेलं होतं. रोज ते वापरी फक्त अण्णा, माझा भाऊ. कोर्टात जाताना कापसाचा बारीक फाया कानात ठेवी. बाकीचं अत्तर समारंभासाठी. पानसुपारीच्या वेळी बायकांच्या बाजूला चांदीची अत्तरदाणी घेऊन वहिनी फिरे आणि तिच्यामागून गुलाबदाणी घेऊन मी. ती प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर काडीनं अत्तर लावी, मी गुलाबपाणी शिंपडी.

हात पुढे करण्याची प्रत्येकीची रीत वेगळी होती. समोरच्या वकिलीणबाई बोलणं न थांबवता हात देत, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. आत्या आधी अत्तरदाणीत नाक घाली आणि पसंत पडलं तर हात देई. शेजारच्या कानडी मास्तरांची बायको लावलेलं अत्तर लगेच पदराच्या टोकाला पुसून घेई, घरी मुलींना वास देता यावा म्हणून. अत्तर एकाच कुपीतलं, पण दुपार कलेपर्यंत ते ज्याचं त्याचं होऊन जाई. आत्याच्या अंगावर त्यात तपकीर मिसळे, वहिनीच्या हातावर हळद. वकिलीणबाईंच्या हातावरून ते लवकर उडून जाई. का, ते मला कधी कळलं नाही.

ओळीच्या शेवटी, भिंतीला टेकून, अक्का बसे. माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात ती विधवा होऊन धारवाडला परत आली होती. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, तिचे केस काढू दिले नाहीत. आमच्या घरातली सुधारणा एवढीच. बाकी सगळं रीतीप्रमाणे. कुंकू नाही, फूल नाही, अत्तर नाही. लहानपणी वाळ्याच्या पंख्यावर गाल ठेवून झोपणारी ही मुलगी. वहिनी तिच्याजवळ येऊ लागली की अक्का दोन्ही हात पदराखाली घेई. आपल्याला ओलांडून जाताना वहिनीला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून. ते इतक्या सहज होई की पाहुण्यांना दिसतही नसे. मला दिसे, कारण मी मागून येत असे.

वहिनीच्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. त्या मुलीला अक्कानंच वाढवलं होतं. वहिनी बाळंतपणानंतर फार दिवस आजारी होती, तेव्हापासून पोर अक्काच्या कुशीत निजे. लग्न लागलं, पानसुपारी सुरू झाली. नवऱ्यामुलाची आई पुढेच बसली होती. वहिनी सगळी ओळ करून शेवटी आली, अक्काचे हात पदराखाली गेले, आणि वहिनी पुढे सरकलीच नाही.

"वन्सं, हात द्या."

"अगं, पुढं जा. व्याही मंडळी बसलीयत."

"बसू देत. हात द्या."

आता बायकांच्या माना वळल्या. लग्नाच्या मांडवात विधवेला अत्तर! विहीणबाईंनी अपशकुन मानला असता तर पोरीला तो सासरी जन्मभर ऐकावा लागला असता. अक्काला हे कळत होतं, म्हणूनच तिचे हात बाहेर येत नव्हते. आणि वहिनी तशीच निघून गेली असती, तर ज्या पोरीला वाढवलं तिच्याच मांडवात सगळ्यांदेखत अक्काला ओलांडलं असं झालं असतं.

आत्या म्हणाली, "काय गं, उद्या कुंकवाचा करंडाही आणशील काय तिच्यापुढं?"

"आतल्या कोनाड्यात आहे, आत्याबाई. आणू?"

"इर्ली बिड्री, आत्या," मास्तरांची बायको हसत म्हणाली. असू दे, सोडा. "पोरगी तिचीच की."

अक्कानं उजवा हात बाहेर काढला. पण तिनं तो तीर्थ घ्यावं तसा पुढे केला, तळवा वर, थोडा खोलगट. इतक्या वर्षांत तिच्या हातावर कोणी काही ठेवलं असेल तर ते तीर्थच. वहिनीनं काही दुरुस्त केलं नाही. त्या खळग्यातच अत्तर लावलं आणि पुढची बाई असल्यासारखी वळली. विहीणबाई विड्याची लवंग काढण्यात गुंतल्या होत्या. बराच वेळ गुंतल्या होत्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर अक्कानं घरच्यांसाठी दहीभात कालवला. पहिल्याच घासाला आत्या थांबली.

"भाताला वाळ्याचा वास येतोय."

"पाण्याच्या माठात घालतेस ना वाळा? भातात आला तर काय बिघडलं?" अण्णा म्हणाला.

आत्या पुटपुटत जेवली. मग तिनं आणखी भात मागितला. अक्का पातेल्यात बघत होती. ती हसत होती का, ते मला दिसलं नाही.

पुढे अण्णा गेला. वहिनीचं कुंकू गेलं, त्याबरोबर अत्तरदाणीही तिच्या हातून गेली. माझं लग्न झालेलं नव्हतं, मी शाळेत शिकवत होते, घरात सवाष्ण कोणी उरली नव्हती, म्हणून ती माझ्याकडे आली. पहिल्याच बारशाला मी ओळ करत शेवटी आले. भिंतीपाशी अक्काशेजारी वहिनी बसली होती, आणि तिचे हात पदराखाली जात होते. मी काडी हातात धरून थांबले. अक्कानंच तिचं मनगट धरून बाहेर ओढलं.

"वन्सं, नको."

"मी नको म्हटलं तेव्हा ऐकलंस का तू?" तिनं वहिनीचा तळवा खाली वळवून हाताची पाठ वर केली. "असा धर. मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं."

वहिनी आधी रडली, मग तिला हसू आलं.

अक्का या थंडीत गेली. दोन दिवसांचा ताप. घरात हिन्याची कुपी होती, ती मी काढली, तर वहिनी म्हणाली, "हा नको. वाळा बघ." कपाटात मागे उन्हाळ्यातली कुपी सापडली, तळाशी थोडं अत्तर राहिलं होतं. बाहेर पुरुषमंडळी बांबू बांधत होती. कोणीतरी घाई करत होतं. वहिनी अक्काजवळ बसली. तिनं हात हातात घेतला, मिटलेली बोटं एकेक करून सरळ केली, आणि तळवा वर केला.