शेजारच्या कार्डावरचा दहा

बंदूक माझ्या हातात नवऱ्यानंच दिली, हे मी कोणापासून लपवत नाही. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली होती आणि संध्याकाळी ऑफिसातून आले की मी टीव्ही लावून बसत असे. त्याला ते बघवेना. "घरी बसून फुगून राहिली तू," असं म्हणून एक दिवस तो मला त्याच्या रायफल क्लबात घेऊन गेला. कॉलेजात असताना तो विद्यापीठाकडून नेमबाजी खेळला होता. तेव्हाचं ब्लेझर अजून आमच्या कपाटात आहे. आता त्यात त्याचा एक खांदासुद्धा मावत नाही, पण कपाटातली सगळ्यात चांगली जागा त्याचीच.

क्लब म्हणजे नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या गोदामावरचा एक लांबट हॉल. खाली हमालांचा आरडाओरडा, वर दहा मीटरवर टांगलेली कार्डं. प्रत्येक लेनला एक चक्की असते. ती फिरवली की दोरीवरून कार्ड पलीकडे जातं. छर्रा मारायचा, चक्की उलटी फिरवायची, कार्ड हातात घेऊन भोक बघायचं, नवं कार्ड लावायचं. एका कार्डावर एकच छर्रा. मधला दहा गुणांचा ठिपका पेनाचं टोक टेकवावं एवढाच असतो. हॉलमध्ये कूलर आहे, पण तो लावत नाहीत, कारण वाऱ्यानं कार्डं हलतात. भर उन्हाळ्यात जाड कॅनव्हासचं जॅकेट, तसलीच ताठ पँट आणि बदकासारखं चालायला लावणारे बूट घालून शहाणीसुरती माणसं तिथं घाम गाळत उभी असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळे वेडे आहेत. महिन्याभरात मीही त्यांच्यातलीच झाले.

जॅकेट मला नवऱ्याचंच जुनं मिळालं. त्याच्या पोटावर त्याचे पट्टे लागेनासे झाले होते. इतवारीत शाळेची दप्तरं शिवणारा एक जण आहे, त्याच्याकडून मी ते दोन्ही बाजूंनी कापून घेतलं. घरी आणून दाखवलं तेव्हा नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "विचारायचं तं होतं," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं, कारण तो नाही म्हणाला असता.

क्लबाचे सर पोलिसांतून निवृत्त झालेले. जीभ कात्रीसारखी. संध्याकाळभरातलं सगळ्यात वाईट कार्ड ते टाचणीनं मारणाऱ्याच्या पाठीवर लावत, आणि जाईपर्यंत ते काढायचं नाही असा नियम. माझ्या पाठीवर ते सुरुवातीला लागलं. नंतर बहुतेक वेळा नवऱ्याच्या लागू लागलं. "काय गा, तुह्यापेक्षा तुही बायको बरी मारते," सर भर हॉलमध्ये म्हणायचे. सगळे हसायचे. मी जरा जास्तच हसायचे. मला तेव्हा फार मजा यायची, आणि स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीवरचं विसरलेलं कार्ड घरापर्यंत न सांगता नेण्यात तर अजूनच.

क्लबाची आणखी एक रीत होती, आणि सरांना तिचा फार अभिमान. आमच्या खेळात एक विचित्र चूक होते. शेजारच्या लेनमधली कार्डं सारखीच दिसतात, डोळा थकतो, आणि माणूस नेम धरून शेजाऱ्याच्याच कार्डावर मारतो. त्याला क्रॉस म्हणतात. मारणाऱ्याला शून्य मिळतं, आणि शेजाऱ्याच्या कार्डावर दोन भोकं होतात. मग त्यातलं कोणाचं कोणतं? सरांची रीत अशी की ज्यानं चूक केली त्यानं आपणहून हात वर करायचा, आणि त्यानं सांगितलं ते खरं. "ज्याले शून्यच भेटणार आहे, तो काहून खोटं बोलेल?" सर विचारायचे. आम्हा सगळ्यांना ते पटलेलं होतं. मलाही.

दुसऱ्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी निवड होती. आमच्या क्लबातून बायकांमधून एकच जाणार होती, पुण्याला. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आता सांगायला लाज वाटत नाही. ऑफिसात रजेचा अर्ज लिहून तयार होता. नागपूर असं पाठीवर छापलेला टी-शर्ट घालून मी स्टेशनवर उभी आहे, नवरा पोचवायला आला आहे आणि गाडी सुटल्यावर तो खालीच राहिला आहे, हे चित्र मी रोज झोपण्याआधी बघत होते. मध्ये फक्त एक कॉलेजातली मुलगी होती. चांगली मारायची, पण घाबरट.

निवडीच्या दिवशी रविवारची सकाळ होती. नवरा माझ्या डाव्या हाताच्या लेनमध्ये होता. त्याची जागा पुरुषांच्या गटात अर्ध्यातच गेली होती, सात आणि आठच्या पलीकडे त्याचा छर्रा जात नव्हता. मी शेवटाकडे आले होते. ती कॉलेजातली मुलगी आणि मी जवळजवळ बरोबरीत होतो. मी श्वास सोडला, घोडा दाबला आणि दाबताच मला कळलं की दहा आहे. हे सांगता येत नाही, पण मारणाऱ्याला कळतं. खांद्याला कळतं. मी चक्की फिरवली.

कार्डावर दोन भोकं होती. एक ठिपक्याच्या जागी, एक पार खाली सातात.

मी मान वळवली. नवऱ्याचं कार्ड कोरं होतं आणि त्याचा हात वर होता. मला त्याच्याबद्दल एक क्षण बरं वाटलं, की बाबा, चूक केली पण मान्य तर केली. सर आले. दोन्ही भोकं पाहिली आणि त्याला विचारलं, "तुहं कोणतं?"

नवऱ्यानं कार्ड हातात घेतलं. नीट बघितलं. मग म्हणाला, "दहा."

"सर, दहा माझा आहे," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की चार लेन पलीकडचे थांबले.

"वहिनी, ज्यानं हात वर केला त्याचा शब्द," सर म्हणाले. "त्याले काय भेटून राहिलं याच्यात? शून्यच ना?"

हेच तर होतं. त्याला काहीच मिळणार नव्हतं. दहा सांगितला तरी शून्य, सात सांगितला तरी शून्य. माझ्या नावावर सात लागला आणि जागा त्या मुलीला गेली. मुलगी रडली, आनंदानं. मी जॅकेटचे पट्टे सोडत उभी राहिले आणि ते सुटेनात. पट्टे सोडायला पुढे आला तोही नवराच. पुढे एका मोठ्या स्पर्धेत काम केलेल्या पंचांनी सांगितलं, कोणाचं कोणतं ते ठरत नसेल तर मोठा आकडा ज्याच्या कार्डावर चूक झाली त्याला द्यायचा असतो. आमच्या क्लबात नियमापेक्षा रीत मोठी होती.

घरी जाताना आम्ही नेहमीच्या टपरीवर तर्री-पोहे खायला थांबलो. दर रविवारी थांबतो. त्यानं पोह्यांवर तर्री ओतून घेतली, दोन घास खाल्ले आणि प्लेटकडे बघत म्हणाला, "दहा तुहाच होता वं."

"मग?"

"मग काय. तू पुण्याले जाशीन आणि मी इथं पाठीवर कार्ड लावून फिरीन? मले नाही पाहवलं."

"सरांना सांगा."

"आता काहून सांगू? आता होऊन गेलं."

इतकं सरळ त्यानं सांगितलं, जणू भाजीत मीठ जास्त झालं होतं. मला त्याच्या अंगावर ती प्लेट फेकायची होती. मी फेकली नाही. तर्री गरम होती म्हणून नाही, तर तेवढ्यावर तो सुटला असता म्हणून.

मी क्लब सोडला नाही. त्यालाही सोडू दिला नाही. तो कंटाळा करायला लागला की मीच त्याचे बूट दाराशी काढून ठेवायची. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी तो सुधारला. स्वयंपाकघरात गॅसच्या समोरच्या भिंतीवर त्यानं एक काळा ठिपका काढला. मी पोळ्या लाटायची आणि तो माझ्या मागे रिकामी बंदूक धरून त्या ठिपक्यावर नेम धरायचा. मनात नको ते विचार यायचे, पण पोळ्या गोल व्हायच्या. हळूहळू त्याच्या पाठीवर कार्ड लागेनासं झालं. चेहऱ्यावर तजेला आला. कपाटातलं ब्लेझर एकदा त्यानं ड्रायक्लीनला दिलं. तो चांगला माणूस असल्यासारखा वागू लागला. चहासुद्धा करून द्यायचा. त्या प्रकाराबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही.

या वर्षी पुन्हा निवड झाली. पुन्हा रविवार, पुन्हा तो माझ्या डावीकडे. या वेळी मी पुढे होते, स्पष्ट पुढे. ती मुलगी मागे पडली होती, आणि शेवटचे थोडेच छर्रे राहिले होते. पुणं माझ्या हातात होतं. आणि त्यालाही, इतक्या वर्षांनी, एक चांगला छर्रा लागला की पुरुषांमधली जागा मिळणार होती. हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. सर त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते.

मी छर्रा भरला होता, बंदूक अजून खांद्याला लावली नव्हती. तेवढ्यात त्याच्या बंदुकीचा आवाज झाला. त्यानं चक्की फिरवली. कार्ड हातात आलं आणि त्याचा चेहरा इतका उजळला की कॉलेजातला तो मुलगा मला दिसला, ज्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. दहा होता. भोक ठिपक्याच्या बरोबर जागी. तो माझ्याकडे वळला. मला दाखवायला वळला.

मी हात वर केला.

"सर, क्रॉस झाला. तो माझा आहे."

सरांनी माझं कार्ड पाहिलं. कोरं. त्याचं पाहिलं. एकच भोक. "मंग याचा छर्रा कुठं गेला?"

"भिंतीत गेला असेल," मी म्हणाले.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. "नाही सर, माहाच आहे," तो म्हणत होता, पण त्याचा आवाज गेल्या वर्षीच्या माझ्या आवाजासारखा चढला होता आणि तसा आवाज कोणी ऐकत नाही. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गा. वहिनी आपली जागा घालवून राहिली. ती काहून खोटं बोलेल?"

त्याला शून्य लागलं. मलाही लागलं. माझ्या बंदुकीतला छर्रा मी पुढच्या कार्डावर मारला, पण त्यानं काही होणार नव्हतं. जागा मुलीला गेली, पुन्हा. या वेळी ती रडलीसुद्धा नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. पुण्याचं वाटलं, अजून वाटतं. त्याचं नाही वाटलं.

टपरीवर त्यानं पोह्यांची प्लेट बाजूला सारली.

"तो दहा माहा होता वं," तो म्हणाला.

"माहीत आहे मले," मी म्हणाले, आणि टपरीवाल्याला अजून थोडी तर्री टाकायला सांगितली.