कंपाउंड वॉलशी थांबलेला भ्रंश

पडद्यावर परळ-लालबागचा सॅटेलाइट फोटो होता आणि त्यावर एक लाल रेघ. रेघ परळच्या बाजूने येत होती, चाळीच्या बरोबर मधून जात होती आणि चाळीच्या कंपाउंड वॉलशी येऊन थांबत होती. वॉलच्या पलीकडे बिल्डरचा टॉवर व्हायचा होता; त्याचा आराखडाही फोटोवर काढलेला होता.

"ही अ‍ॅक्टिव्ह फॉल्ट लाइन," बिल्डरचे कन्सल्टंट लेझर पॉइंटर फिरवत म्हणाले. "चाळीला तडे गेलेत ते हिच्यामुळे. निसर्गापुढे आपलं काय चालणार?"

त्यांच्या खांद्यावर अजून शाल होती. मीटिंगच्या आधी कंपनीने त्यांचा सत्कार केला होता. स्वतःच नेमलेल्या कन्सल्टंटचा सत्कार करणारी कंपनी मी तोवर पाहिली नव्हती.

मी इंजिनिअरिंग जिऑलॉजिस्ट. धरण, बोगदा किंवा मोठी इमारत बांधायच्या आधी खालची जमीन आणि खडक कसा आहे ते सांगणं हे माझं काम. त्या दिवशी मला चाळ कमिटीने नेलं होतं. कमिटीचे सेक्रेटरी परब आणि परबवहिनी माझ्या शेजारी बसले होते. समोर वॉर्ड ऑफिसचे इंजिनिअर. टेबलावर रहिवाशांच्या सहीसाठी कागद तयार होते: नैसर्गिक आपत्तीमुळे चाळ धोकादायक झाली आहे, आम्ही स्वखुशीने खोल्या सोडून अँटॉप हिलच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये जात आहोत. परत कधी यायचं, त्याबद्दल एक ओळ नव्हती. आपत्ती नैसर्गिक ठरली की बिल्डर मोकळा.

"एवढ्या मुंबईत भूगर्भाक आमचीच चाळ गावली?" परबवहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या.

फॉल्ट म्हणजे भ्रंश, खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात. त्या अजून सरकत असतील, किंवा अलीकडे सरकल्या असतील, तर भ्रंश सक्रिय. आमच्या धंद्यात 'अलीकडे' म्हणजे काही हजार वर्षं. कोकण किनाऱ्यावर जमीन उचलल्याच्या, खचल्याच्या खुणा आहेत. मुंबईच्या खडकात जुने भ्रंशही आहेत. हा विषय खरा आहे, म्हणून तर त्याचा असा वापर मला खपत नाही. आज खोटी भीती घातली, तर उद्या खऱ्या धोक्याच्या वेळी लोक ऐकणार नाहीत.

मी उठून पडद्याजवळ गेले. "सर, ही रेघ वॉलशी का थांबली?"

"आमचा स्टडी एरिया तेवढाच आहे."

"फोटो तर पलीकडचाही आहे."

हातातल्या फाइलची कड मी रेघेला लावली आणि सरळ पुढे नेली. ती टॉवरच्या लॉबीतून शिरून स्विमिंग पुलाखालून बाहेर पडली.

कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट हसले. "मॅडम, आमचा टॉवर अर्थक्वेक-रेझिस्टंट आहे."

"हादरे सोसणं वेगळं आणि पायाखालची जमीन दुभंगणं वेगळं. सक्रिय भ्रंशावर शहाणा माणूस टॉवर बांधत नाही. तुम्ही टॉवर हलवा, नाहीतर रेघ. दोन्ही ठेवता येणार नाही."

वॉर्ड इंजिनिअर तोवर बिस्किट खात होते. ते म्हणाले, "फॉल्ट असेल तर टॉवरची परमिशन मला पुन्हा बघावी लागेल."

व्हाइस प्रेसिडेंटनी कन्सल्टंटकडे पाहिलं. कन्सल्टंटनी पॉइंटर बंद केला.

मग मी माझं काम मांडलं. टॉवरच्या तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात मी उतरले होते. खडकात चुरडलेला एक पट्टा खरोखरच आहे, एवढं कन्सल्टंटांचं बरोबर. पण त्या पट्ट्यातल्या भेगा पांढऱ्या खनिजाने भरून दगडासारख्या घट्ट झाल्या आहेत. त्यांच्यावर खाडीच्या काळ्या चिखलाचा थर आहे, हजारो वर्षांपूर्वी साचलेला. खालचा भ्रंश नंतर सरकला असता तर तो थर तुटला असता. थर सलग आहे. म्हणजे भ्रंश मेलेला.

"मग तडे कशाने गेले?" वॉर्ड इंजिनिअरनी विचारलं.

चाळीच्या तड्यांवर मी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. तडा रुंदावला की काच फुटते, इतकी साधी युक्ती. खड्ड्याकडच्या खोल्यांमधल्या काचा फुटत गेल्या, रस्त्याकडच्या शाबूत राहिल्या. मग गणपती आले. लालबागचे रस्ते बंद झाले, डिझेलचा टँकर आत येईना. जनरेटर थांबला, त्याच्यावर खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप थांबला आणि खड्ड्याचं तळं झालं. बाहेर ढोल-ताशांनी खिडक्या थरथरत होत्या, पण विसर्जनापर्यंत एकही नवी काच फुटली नाही. पंप पुन्हा सुरू झाला आणि काचा पुन्हा फुटायला लागल्या.

चाळीचा पाया त्याच चिखलावर आहे. खड्ड्यातून पाणी उपसलं की या ओल्या चिखलातलंही पाणी तिकडे ओढलं जातं, तो दबतो आणि त्याच्यावरचं घर खचतं.

"म्हणजे तुमच्या फॉल्टाक पण गणपतीची सुट्टी?" परबवहिनींनी कन्सल्टंटना विचारलं. "आमच्या ह्यांका तर गिरणीत कधी एवढी गावली नाय."

"अगो, गप," परब म्हणाले. पण ते स्वतःच हसत होते.

चहासाठी मीटिंग थांबली. कंपनीची माणसं बाहेर जाऊन आली. आल्यावर कन्सल्टंट म्हणाले की अधिक विचार करता फॉल्ट डॉर्मंट वाटतो, म्हणजे झोपलेला. खडकाला जे जमायला युगं लागतात, ते त्यांनी एका चहात उरकलं.

खड्ड्याभोवती पाणी अडवणारी भिंत होईपर्यंत पंप बंद ठेवायचा वॉर्ड ऑफिसचा लेखी आदेश निघाला. पुढे कंपनीने चाळीचे तडे बुजवून दिले आणि गेटवर बोर्ड लावला: 'सामाजिक बांधिलकीतून सप्रेम'. चूक झाली, असं कोणी म्हणालं नाही. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं मीटिंगच्या आधीच सही करून अँटॉप हिलला गेली होती. त्यांच्या खोल्यांना आजही कंपनीचं कुलूप आहे. परब त्यासाठी खेटे घालतायत.

हल्ली कोणी मला 'निसर्गाचा प्रकोप' म्हणून साइटवर बोलावलं, की मी नकाशा नंतर उघडते. आधी विचारते, पंप कुठे आहे?