दिल्लीत दिलेली पाळी

कुंडलजवळच्या वाडीचे जोतीरामअण्णा दिल्लीच्या सभागृहात अगदी शेवटच्या बाकावर बसत. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगून आलेल्या या शेतकऱ्याला पुढाऱ्यांनी कौतुकानं निवडून धाडलं होतं खरं, पण पुढं सगळी बॅरिस्टरांची दाटी. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. मागं बसलं म्हणजे कोण पेंगतंय ते बरोबर कळतं, असं ते म्हणत.

प्रश्न विचारण्यात मात्र गडी मागं नव्हता. साताऱ्याकडच्या गुळाला मालगाडीचे डबे का मिळत नाहीत, इथपासून काश्मीरच्या थंडीत लढणाऱ्या पोरांना लोकरीचे मोजे पोचले का, इथपर्यंत सगळं ते विचारत. हिंदी मोडकंतोडकं, पण आवाज असा की पेंगणारे जागे व्हावेत. मंत्री हसत, पण उत्तर देत.

अठ्ठेचाळीस साली रेल्वेच्या खर्चावर चर्चा निघाली, तेव्हा अण्णांच्या मनात एकच विषय होता. महायुद्धात लष्करी गाड्यांसाठी वाडीचा थांबा बंद केला होता, तो युद्ध संपलं तरी बंदच. वाडीच्या बायका वांग्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन पुढच्या स्टेशनापर्यंत पायपीट करत, तेव्हा कुठं सांगलीचा बाजार गाठत. त्यांत अण्णांची म्हातारी चुलती बनुबाई होती. अण्णा निघाले तेव्हा तिनं बजावलं होतं, "जोत्या, तिथं बाकीचं काय बी बोल, न्हाईतर बोलू नगं. पर गाडी थांबीव."

चर्चेच्या दिवशी अण्णांच्या शेजारी मुलतानकडचे एक वृद्ध सभासद बसले होते. फाळणीत त्यांच्या गावची माणसं आगगाडीत चढली, ती कुठं उतरली याचा अजून पत्ता नव्हता. त्यांना तेच विचारायचं होतं. पण त्यांचं नाव अण्णांच्या नंतर, आणि वेळ तर संपत आलेली. म्हातारबाबा सारखे घड्याळाकडं बघत होते. ते पाहून अण्णांना कसंसंच झालं.

वाडीत पाटाच्या पाण्याची रीत होती. शेजाऱ्याचं पीक करपत असेल तर आपली पाळी त्याला द्यायची, मग त्याची पाळी आपल्याला मिळायची. अण्णांचं नाव पुकारलं गेलं, तसे ते उठले आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, माझी पाळी यांना द्या."

म्हातारबाबा बोलू लागले आणि पेंगणारेही सरळ होऊन ऐकू लागले. ते खाली बसले, तसे अण्णा पुन्हा उभे राहिले. म्हातारबाबांची पाळी शिल्लक होतीच की! अध्यक्षांनी घड्याळाकडं बोट दाखवलं आणि सांगितलं की वेळ संपली, इथं अशी अदलाबदल होत नसते. सभागृह हसलं. अण्णाही हसले, पण वाडीचा थांबा बोलायचा राहूनच गेला होता.

पुढं सुट्टीत ते घरी निघाले. वाडीला गाडी थांबली नाहीच. पुढच्या स्टेशनावर उतरून ते मागं वाडीकडं चालू लागले, तर समोरून बनुबाई पाटी घेऊन येत होती. अण्णांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी त्यांनी काही लपवलं नाही. पाटी उतरवून घेतली आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली सगळं सांगून टाकलं.

बनुबाईचा पारा चढला. "म्हंजे आमची पाळी तू दिऊन आलास? ती तुझी हुती व्हय रं? रानातली दिली आसतीस तर मी ब्र काढला नसता. ही समद्या बायकांची हुती. इचारलंस का आमाला?"

"चुकलं, काकी," अण्णा म्हणाले.

बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या म्हाताऱ्याची मान्सं घावली का?"

"न्हाई अजून."

"लेकरंबाळं बी आसतील त्यात?"

"व्हय."

तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली. अण्णांनी पाटी उचलून वर ठेवली.

"मंग म्होरल्या बारीला आदी त्यांचं इचार," ती म्हणाली. "आन् पाळी कुनी दिली म्हनलं, तर सांग, वाडीच्या बायकांनी दिली."