अक्काच्या मनगटावरचा पट्टा

पोरांनो, तुमच्या बाबांनी पाठवलेला मनगटावरचा पट्टा मी हल्ली का वापरत नाही, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. चार्जर बिघडलाय, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. चार्जर कपाटाच्या वरच्या खणात, त्याच्या मूळ डब्यात, उत्तम स्थितीत आहे. खरं काय घडलं ते लिहूनच कळवायला हवं, कारण फोनवर तुमचे बाबा मधे बोलतात.

पट्टे दोन आले होते. एक मला आणि एक तुमच्या मोठ्या आजीला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला. मी तिला अक्का म्हणते. हुलसूरच्या या घरात आता आम्ही दोघीच असतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आणि अक्काने घर, गोठा, तुमचे बाबा आणि मी, असं सगळं सांभाळलं. ती शाळेत कधी गेली नाही.

पट्टा नाडी, ताप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो. आकडे माझ्या फोनवर येतात आणि तिथून तुमच्या बाबांच्या. आकडा दोन दिवस बिघडलेलाच राहिला की पडदा लाल होतो. लाल दिसलं की त्या माणसाने पाच दिवस वेगळं राहायचं, कुणात मिसळायचं नाही, म्हणजे रोग पुढे सरकत नाही. हा नियम तुमच्या बाबांनी सांगितला आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवला. मला नियम आवडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या श्रावणात गावात तापाची साथ होती. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस अंथरुणावर होतं.

आधी पट्ट्यांनीच जीव खाल्ला. फोनला इंटरनेट फक्त गच्चीवर मिळतं, म्हणून रोज सकाळी दोघींचे आकडे पाठवायला मी गुडघे धरत जिना चढायची. वर गेल्यावर फोन म्हणायचा, पट्टा सापडत नाही. पट्टा माझ्या हातावरच असायचा.

चौथ्या सकाळी माझा ऑक्सिजन सत्त्याण्णव आला आणि अक्काचा चौऱ्याऐंशी. पट्टा सैल असेल म्हणून मी घट्ट केला, तर संध्याकाळी एक्याऐंशी. दुसऱ्या दिवशी आकड्याच्या जागी नुसत्या रेघा, आणि पडदा लाल. चहाचं आधण ठेवायच्या आत तुमच्या बाबांचा फोन. "आई, तिला आत्ताच्या आत्ता वेगळं ठेव."

अक्का तेव्हा न्हाणीत चादरी आपटत होती.

"मला काय झालंय?" ती म्हणाली. "धुणं धुवायलेय, भाकरी करायलेय. दम लागलेला मला कळत न्हाई व्हय?"

तिचे यजमान, तुमचे मोठे आजोबा, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत असंच म्हणाले होते. मी धड आहे, म्हणत ओट्यावर पेपर वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी ऐकलं नाही. अक्कालाही ते आठवलं असणार, कारण तिने पुढे वाद घातला नाही. मी तिचं अंथरूण मागच्या खोलीत टाकलं आणि ताट दाराबाहेर ठेवू लागले.

ते बोटाचं जुनं यंत्र काढलं, तर आत बॅटऱ्या फुटून हिरवं पाणी झालेलं. मी इतकी टापटिपीची आणि ते माझ्याच कपाटात. नवं आणायला गेले तर मेडिकलवाल्याने "उद्या येतंय, मॅडम" म्हणत तीन दिवस काढले. डॉक्टर सणाला गावी गेलेले, आणि भालकीच्या दवाखान्यात जायला अक्का तयार नव्हती.

आणि सण होता पंचमीचा. आमच्या भागात पंचमीला लेक माहेरी जाते, आणि ती आपली आपण जात नाही. माहेरचं माणूस, मुराळी, तिला न्यायला यावं लागतं. अक्काचं माहेर खटकचिंचोळी. तिचे थोरले भाऊ, अण्णा, आता पंच्याहत्तरीच्या पुढचे, दम्याचे. तरी दर वर्षी भालकीला बस बदलून ते स्वतः येतात. मुलाला पाठवत नाहीत. बहिणीचं लग्न झाल्यापासून एकही पंचमी त्यांनी चुकवली नव्हती.

ते पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आले. ओट्यावर बसले, पिशवीतून लाह्या आणि लुगडं काढून बाजूला ठेवलं. मी तोंडाला मास्क बांधून लांबूनच पाणी दिलं. त्यांनी विचारलं, कामून? मी सगळं सांगितलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून अक्काचा आवाज आला.

"अण्णा, मी धड हाय."

"मग चल की," अण्णा म्हणाले.

मी नाही म्हटलं. तुमच्या छातीला आधीच दमा आहे, तिच्याकडून तुम्हाला लागलं तर काय करायचं, असं त्यांना समजावून सांगितलं. फोनचा लाल पडदा दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला.

"बाई, तुमी शिकलेल्या. तुमी म्हणताव म्हंजे खरंच आसल."

चहा अर्धा ठेवून ते स्टँडकडे निघाले. लाह्या आणि लुगडं ओट्यावरच राहिलं. मी ते दारातून अक्काला दिलं, तेव्हा तिने ते उचललं नाही. म्हणाली, "पुढच्या पंचमीला अण्णा ऱ्हातोय का न्हाई, ते बी दिसतंय का गं तुज्या फोनमदी?"

पंचमीचा दिवस गेला. गल्लीत लिंबाला झोका होता, पोरी आरडत होत्या. मी पुरणाची दिंडं उकडून दाराबाहेर ठेवली. तिने ती खाल्ली आणि ताट घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तापाच्या सर्व्हेला आरोग्य केंद्रातली नर्सबाई आली. तिच्या पिशवीत बोटाचं यंत्र होतं. अक्काने बोट घातलं, अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या हाताचं बोट, पुन्हा अठ्ठ्याण्णव. मग नर्सने पट्टा सोडला आणि अक्काचं मनगट उजेडात धरलं. तिथे गोंदण आहे. मनगटाभोवती दाट हिरव्या ठिपक्यांची वेल आणि मधे तुळस, दोन्ही हातांवर. नर्सने तोच पट्टा कोपराखाली, कोऱ्या कातडीवर बांधला. थोड्या वेळाने फोनवर सत्त्याण्णव उमटलं.

ती म्हणाली की पट्टा कातडीतून उजेड सोडून मोजतो, आणि गोंदणाच्या रंगातून तो उजेड नीट आत जात नाही. तिने हे दुसऱ्या एका म्हातारीच्या हातावरही पाहिलं होतं.

ती गेल्यावर मी पट्ट्याबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. ते इंग्रजीत आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की बांधण्याच्या जागी गोंदण असल्यास आकडे चुकू शकतात. मी पट्टा सुरू कसा करायचा तेवढं वाचलं होतं आणि पत्रक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलं होतं. या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी.

तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं आई, मोठ्या आईच्या हातावर गोंदण आहे हे मला कसं माहीत असणार?"

मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा अक्काने त्यांना त्याच हाताने भरवलेलं आहे. मी फोन ठेवून दिला. तुमच्या बाबांवर इतकी चिडले, पण मीही त्याच मनगटावर रोज सकाळी पट्टा घट्ट करत होते. गोंदण मला दिसत होतं. आकडा येत नाही एवढंच मी बघत होते.

मी अक्काला म्हटलं, चल, गाडी बोलावते, आजच जाऊ. ती तयार होईना. मुराळी दारातून परत गेला, आता मी माझ्या पायाने जायची नाही, हे तिचं म्हणणं. मी खूप समजावलं, शेवटी आवाज चढवला. तिने ज्वारी निवडायला घेतली.

तेव्हा मी एकटीच गाडी करून खटकचिंचोळीला गेले. अण्णा बाजेवर पडून होते. मी उभ्यानेच सांगितलं की चूक माझी होती, अक्काला काही झालेलं नव्हतं, आणि गोंदणाचं सांगितलं. ते उठून बसले.

"बाजारात बानं धरली हुती तिला गोंदताना," मग म्हणाले. "इतकी रडली, समदा बाजार गोळा. मीच गप केलो गूळ देऊन."

सुनेने टोपी आणून दिली. खोकत खोकत ते माझ्या गाडीत बसले. हुलसुरात आल्यावर त्यांनी गाडी चार घरं अलीकडे थांबवायला लावली. तिथून काठी टेकत चालत आले आणि आमच्या ओट्यावर बसून हाक मारली, जणू बसनेच आले आहेत. अक्काने हात धुतले, अण्णांनी आणलेलंच लुगडं नेसली आणि माझ्याकडे न बघता पिशवी उचलली. गाडीत मला जागा होती. मला कुणी चल म्हटलं नाही.

ती दहा दिवस राहून परत आली. आल्यावर तिथला पाऊस, म्हशीचा भाव, भाच्याचं नवं बोअर, सगळं बोलली. तिने पट्टा पुन्हा बांधला नाही, आणि तिच्यासमोर माझा बांधून बसायला मला जमेना. तुमचे बाबा म्हणतात, कोपराखाली बांध तिला. ते त्यांनी स्वतः येऊन तिला सांगावं.

तिच्या माहेरचा झोका पंचमी झाल्यावर सोडून ठेवला होता. अण्णांनी तो तिच्यासाठी परत बांधायला लावला, आणि ती या वयात त्यावर बसली. अण्णा दम लागेपर्यंत मागून झोके देत होते. हे तिने मला सांगितलेलं नाही. परसात शेजारणीला सांगत होती, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.