चाकं लोंबत असताना आवळलेले नट

सौंसरहून तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा मी जेवत होतो. निरोप आणला एस.टी.च्या कंडक्टरनं. ‘‘डॉक्टरीणबाईनं सांगतलं, मिस्त्रीले म्हणा, खटखट पुन्हा सुरू झाली. या वेळी गाडी येनार नाही, तुमीच या.’’

पानावर अजून अर्धी भाकर होती. ती तशीच ठेवून मी उठलो. बायको म्हणाली, ‘‘एवढी घाई हाय त पहिल्याच खेपेले नीट करायची होती ना.’’ घरच्या माणसांना मोटारीतलं काही कळत नाही असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या दोनतीन वर्षांतली. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार टिनं, एक जॅक, उचललेली गाडी टेकवायला लाकडाच्या चार घोड्या आणि मी. कमानीचं काम माझ्यासारखं कोणी करत नाही, असं लोक म्हणत. निदान मी तरी म्हणत असे. सौंसरच्या डॉक्टर गजभिये बाईंकडे एक जुनी अँबेसिडर होती. बाळंतपणासाठी त्या खेड्यापाड्यांत जात, त्यामुळे त्या गाडीनं डांबरापेक्षा नाले जास्त पाहिले होते.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा तक्रार खरीच होती. मागच्या कमानी बसल्या होत्या आणि बुश खलास झाले होते. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले लोखंडी पट्टे, गाडीचं वजन झेलणारे. तिच्या टोकाला गोल भोक असतं, त्याला आम्ही डोळा म्हणतो. डोळ्यात रबर, रबरात लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. हे रबर म्हणजे बुश. कमान हलते तेव्हा ते थोडं पिळतं, परत सुटतं. ते फाटलं की लोखंडावर लोखंड आपटतं आणि गाडीचा मागचा भाग शेपटासारखा डोलतो.

मी गाडी घोड्यांवर चढवली. चाकं खाली लोंबत होती. नव्या कमानी टाकल्या, नवे बुश टाकले. मग पान्याला हातभर पाइप लावून, पाय भिंतीला टेकवून एकेक नट असा आवळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. गाडी खाली घेतली तर मागून चांगली ताठ उभी.

‘‘पाहा,’’ मी ड्रायव्हर दौलतरावांना म्हटलं. ‘‘नवरदेवासारखी दिसून राहिली.’’

दौलतराव पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. ‘‘जास्तच ताठ नाही का?’’ एवढंच म्हणाले.

‘‘नव्या कमानीले सवय नसते ना.’’

दोन महिन्यांत खटखट परत. बुश काढले तर रबराच्या चिंध्या. मी रस्त्याला दोष दिला. पुन्हा नवे बुश टाकले आणि या खेपेला नट आणखी जोरात आवळले. सव्वा महिन्यात गाडी परत. तेव्हा मी दौलतरावांना दोष दिला. गॅरेजमध्ये चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर म्हटलं, ‘‘भाऊ, खड्ड्यात ब्रेक मारायचा असते, एक्सलेटर नाही.’’ त्यांनी टोपी काढून पुसली आणि परत घातली. तिसऱ्या खेपेचे बुश मी नागपूरच्या दुसऱ्या दुकानातून आणले आणि अंगातली सगळी ताकद नटांत ओतली. ते महिनाही टिकले नाहीत.

म्हणून आता मी पिशवीत पाने घेऊन एस.टी.नं सौंसरला निघालो होतो. वाटेत ठरवून ठेवलं होतं की या वेळी दोष रबराच्या कंपनीला द्यायचा.

दवाखान्यासमोर उतरलो तर तिथं वेगळीच धावपळ. जामसांवळीकडच्या एका खेड्यातून बैलगाडीनं एक पोरगी आणली होती. पहिलं बाळंतपण, मूल आडवं. डॉक्टर बाई हात पुसत बाहेर आल्या. ‘‘इथं होणार नाही. ऑपरेशन लागेल. नागपूरला न्यावं लागते. दौलतराव, गाडी काढा.’’

दौलतराव जागचे हलले नाहीत. ‘‘बाई, मी एकटा असतो त काढली असती. मांगची बाजू मनाले येईल तिकडं जाऊन राहिली. पेशंट घेऊन मी नाही चालवत.’’

गावात त्या वेळी दुसरी मोटार नव्हती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पानेच होते.

‘‘मिस्त्री, तुम्ही म्हणता गाडी चांगली आहे, ड्रायव्हर वाईट आहे. मग तुम्ही चालवा.’’

पाने पिशवीत टाकून स्टिअरिंगमागं मी बसलो.

मागच्या सीटवर पोरगी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. शेजारी अंग चोरून डॉक्टर बाई. पुढं माझ्या बाजूला पोरीचा नवरा, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. दौलतराव मागे राहिले. निघताना खिडकीशी वाकून म्हणाले, ‘‘वळणावर तिसऱ्या गेअरवर नका जाऊ.’’

पहिल्याच वळणावर कळलं ते काय म्हणत होते. मी स्टिअरिंग वळवलं, पुढची चाकं वळली, आणि मागचा भाग जरा विचार करून मग आला. मी तीसच्या वर गेलोच नाही. प्रत्येक खड्ड्याला मागून खट्ट. प्रत्येक खट्टला पोरगी कण्हायची. तो आवाज माझ्या हातचा होता.

सासू म्हणाली, ‘‘भाऊ, काही तुटून त नाही ना राहिलं?’’

‘‘नाही मावशी.’’

‘‘मंग आवाज कायचा होय?’’

‘‘रबराचा.’’

ती म्हणाली, ‘‘रबराचा आवाज येते?’’

‘‘मलाही तेच विचारायचं होतं,’’ मागून डॉक्टर बाई म्हणाल्या.

दीड तासाच्या रस्त्याला पावणेतीन तास लागले. हायवेवर मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते. मी आयुष्यात कधी एवढ्या शिव्या एवढ्या शांतपणे ऐकल्या नव्हत्या. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला स्टिअरिंग सोडायची हिंमत नव्हती. एका पुलावर मागचा भाग कठड्याकडे सरकला, तेव्हा नवऱ्यानं डोळे मिटले. मीही मिटले असते, पण कुणीतरी उघडे ठेवणं भाग होतं.

पोरीला आत नेलं. मी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी उभी केली आणि तिच्याखाली शिरलो. दुसरं करायला काही सुचेना. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाईंच्या चपला दिसल्या.

‘‘मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.’’

मी खालीच पडून राहिलो. तोंड कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

‘‘खाली काय करून राहिले?’’

‘‘बुश पाहून राहिलो. पूर्ण पिळून फाटला. आजकाल रबरच बेकार येते बाई.’’

‘‘पिळून? एकाच बाजूला पिळते का?’’

मी पाहिलं. ‘‘हाव. एकाच बाजूला.’’

‘‘तिन्ही वेळा?’’

‘‘...हाव.’’

‘‘तुम्ही नट आवळता तेव्हा गाडी कशी असते?’’

‘‘उचललेली. घोड्यांवर.’’

‘‘आणि चाकं?’’

‘‘लोंबून राहतात.’’

बाई खाली बसल्या, चाकाशी. ‘‘कोपर मोडला तर आम्ही हात वाकवून प्लास्टर करतो, कारण माणूस हात वाकवूनच वावरतो. मी हात सरळ ठेवून करकचून बांधला आणि मग म्हटलं, आता वाकवा, तर काय होईल?’’

‘‘बाई, गाडीची गोष्ट अलग असते,’’ मी म्हटलं. सवय होती. पण म्हणता म्हणता आवाज बारीक होत गेला.

बाई पोरीजवळ थांबल्या, गाडी मी रिकामीच हळूहळू पांढुर्ण्याला आणली. रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही, चांगली लागली. सकाळी मात्र गॅरेज उघडल्या उघडल्या मी गाडी घोड्यांवर चढवली. नवा बुश टाकला, नेहमीसारखा नट आवळला आणि खडूनं नळीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. गाडी खाली घेतली. वजन आल्याबरोबर कमान सपाट झाली, डोळा फिरला. पण नळी माझ्या नटानं जखडलेली. रेघेचे दोन तुकडे झाले, मधे बोटभर अंतर. गाडी एक इंच चालली नव्हती आणि रबर पिळलं होतं. नट जेवढा पक्का, तेवढा पीळ पक्का. एवढी वर्षं मी जोर लावून बुश फाडत होतो आणि त्याला कारागिरी म्हणत होतो.

मी नट सैल केला. रबर आपोआप सुटलं. आता वजन चाकांवर असताना आवळला. रेघ नवी ओढली, गाडी फिरवून आणली, रेघ जागच्या जागी. अँबेसिडर जरा खाली बसली होती. नवरदेवासारखी दिसत नव्हती, पण चालत होती.

ते बुश पुढं चार वर्षं टिकले.

गाडी सौंसरला पोचवायला मीच गेलो. दौलतराव दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी जे चार माणसांत बोललो होतो ते परत घ्यायला चार माणसं गोळा करायला हवी होती, पण तेवढं धैर्य नव्हतं. एकट्यालाच सांगितलं, ‘‘दौलतराव, चूक माही होती.’’

‘‘मले मालूम होतं,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्याच दिवशी. उतरली तेव्हा मांगून तंगून उभी होती.’’

‘‘मंग सांगतलं कायले नाही?’’

‘‘सांगतलं ना. तुमी जोरानं बोलून राहिले होते.’’

पांढुर्ण्यात आणखी सातआठ गाड्यांच्या कमानी मी तशाच आवळलेल्या होत्या. एकेकाच्या घरी जाऊन नट सैल करून परत आवळून आलो. तिघांना खरं सांगितलं. बाकीच्यांना म्हटलं, फुकट चेकिंग आहे.

आता हात थकले, गॅरेज पुतण्या पाहतो. कधी कमानीचं काम आलं तर मी खुर्ची टाकून बाजूला बसतो. नट हातानं लावायचा, गाडी खाली घ्यायची, वर चार माणसं बसवायची आणि मगच पाना लावायचा. माणसं बसली की विचारतातच, आमाले कायले बसवलं? मी सांगतो, चाकांवर वजन यावं म्हणून. ज्या दिवशी पुतण्याला हे कारण सांगता आलं नाही, त्या दिवशी मी त्याला पाना लावू देत नाही.