वारा येईपर्यंत

मालवण सोडले त्या सकाळी माझा शिडाचा बोर्ड टेम्पोच्या टपावर बांधला होता. शेजारचे नारायणराव म्हणाले, "म्हैसुराक खंयचो दर्या? कावेरीत शर्यत लावतलंस काय?" मी दोरीची गाठ पुन्हा आवळली.

अजून शीड उभारतो का, असे तुम्ही मालवणकर विचारता, म्हणून लिहितो.

विंडसर्फिंगच्या स्पर्धा मी फार पूर्वी सोडल्या. वारा सोडला नाही. पत्नी गेल्यावर मेधा, माझी मुलगी, मला म्हैसूरजवळच्या हिनकलला घेऊन आली. तिची अट एकच होती: "बाबा, पडलेलं शीड ज्या दिवशी एकट्याला उचलता येणार नाही, त्या दिवशी थांबायचं." मी शब्द दिला.

रविवारी आम्ही वरुण्याच्या तलावावर जातो. मेधा काठावर बसते. तुमच्याकडे दुपारी वारा सलग येतो. शिडाखाली शिरला की तोच माणसाला पाण्यातून वर काढतो. येथे तो तुकड्यातुकड्यांनी येतो. तलावावर नाव चालवणारे कृष्णोजीराव पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. वाऱ्याला गाळी म्हणतात. "इथली गाळी अशीच, सार. आता हाय, आता नाही. स्वल्प जपून."

गेल्या रविवारी मध्यावर वारा पडला आणि मी शिडासकट पाण्यात गेलो. बोर्डावर चढून दोरीने शीड ओढले. उजवा खांदा साथ देईना. पुन्हा ओढले, पुन्हा पडलो. मग बोर्ड धरून वाऱ्याची वाट पाहिली. अंगात जाकीट होते. बुडण्याचे भय नव्हते. वडील होडीवर शिकवत, "पडलंस तर हाक मारू नको. आदी वारो खंयसून येता, तां बघ." ते मी आयुष्यभर पाळले.

वारा आला नाही. मेधा काठावर उभी राहिली होती. नाव तयार होती, तरी तिने ती पाठवली नाही. निर्णय तिने माझ्यावर सोडला होता.

मी हाक मारली.

कृष्णोजीरावांची नाव आली. काठावर मेधाने टॉवेल दिला. अटीचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "घरी बोलू." घरी तो विषय निघण्याआधीच मी शीड गुंडाळून ठेवले. बोर्ड आता बाल्कनीत उभा आहे. शब्द मोडणार नाही.

दुपारी मान आपोआप पश्चिमेकडे वळते. त्या बाजूची खिडकी धुळीमुळे बंद असे. हल्ली मेधा ती न सांगता उघडते. घर कोणते, असे विचाराल तर सांगणे कठीण आहे. वारा तुमच्याकडे आहे. हाक ऐकणारे माणूस येथे आहे.